स्मृती, उजळणी आणि वहिवाट : महाड–पोलादपूर परिसराच्या इतिहासातील स्मरणव्यवहार

प्रास्ताविक

इतिहास कागदांवर उभा असतो, असे इतिहासाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. कागद लिहिला जाण्यापूर्वी कोणाला तरी काही आठवावे लागते, आणि ज्या समाजात कागद मोजक्या हातांत होता त्या समाजाचा बहुतांश भूतकाळ माणसांच्या डोक्यातच साठवला गेला. तो तेथे कसा राहतो, कसा बदलतो आणि कसा टिकवता येतो, हे प्रश्न मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान यांचे मानले जातात. मात्र इतिहासाच्या अभ्यासकालाही त्यांना बगल देता येत नाही.

सावित्री, काळ आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांतील महाड व पोलादपूर हे दोन तालुके या विचारासाठी विशेष सोयीचे आहेत. पाठांतराच्या परंपरेत रुजलेला दासबोध परंपरेने शिवथरघळीशी जोडला जातो, पोवाड्याने अमर केलेल्या तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ येथेच आहे, शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात दाखवली जाते, आणि लोकांच्या आठवणीला कायद्याच्या तराजूत तोलणारा चवदार तळ्याचा दावाही महाडचाच. ही चारही ठिकाणे एका दिवसाच्या प्रवासात पाहून होतात. प्रस्तुत निबंधात स्मृतीविषयीच्या आधुनिक ज्ञानाच्या आधारे या चार ठिकाणांचा विचार केला आहे.

स्मृतीची जडणघडण

स्मृती म्हणजे कोठीघर, ही कल्पना आपल्या भाषेत खोल रुजलेली आहे. आपण गोष्टी 'डोक्यात ठेवतो' आणि लागतील तेव्हा 'काढतो'. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतील संशोधनाने ही कल्पना जवळजवळ मोडीत काढली. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला. पाठ केलेल्यापैकी बराच भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि उरलेला पुढे सावकाश झिजत जातो, असे त्याला आढळले. त्याच उजळणीचे तुकडे करून त्यांत अंतर ठेवले तर कमी श्रमात अधिक लक्षात राहते, हेही त्याने दाखवून दिले.

मेंदूतील स्मृतीच्या स्थानाविषयीचा मोठा उलगडा एका दुर्दैवी शस्त्रक्रियेतून झाला. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या अपस्माराच्या रुग्णाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस व त्यालगतचा भाग दोन्ही बाजूंनी काढण्यात आला. झटके कमी झाले, परंतु नवा प्रसंग लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती कायमची गेली. शस्त्रक्रियेच्या बऱ्याच आधीच्या आठवणी मात्र पुष्कळ अंशी शाबूत राहिल्या, आणि हाताची नवी कौशल्येही तो शिकू शकला. फक्त ती आपण शिकलो आहोत हे त्याला आठवत नसे. स्कोव्हिल आणि मिल्नर यांनी १९५७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नव्या आठवणी बांधण्यासाठी हिप्पोकॅम्पस अत्यावश्यक आहे, दीर्घकालीन साठवण मेंदूच्या बाह्य थरात पसरलेली असते आणि कौशल्याची स्मृती वेगळ्या वाटेने जाते, हे त्यातून पुढे स्पष्ट होत गेले. चेतापेशींमधील सांधे वापराने बळकट होतात, ही या साठवणीची मूलभूत प्रक्रिया. सागरी गोगलगाईवरील प्रयोगांतून तिचे रासायनिक रूप उलगडणाऱ्या एरिक कँडेल यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

इतिहासाच्या दृष्टीने आणखी दोन निष्कर्ष अधिक महत्त्वाचे आहेत. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की, ऐकलेली अपरिचित कथा माणसे पुनःपुन्हा सांगतात तेव्हा ती आपल्या ओळखीच्या साच्यात बसवतात. परके तपशील गळतात, कारणपरंपरा जोडली जाते, आणि हे सारे करताना सांगणाऱ्याला आपण काही बदलतो आहोत याची जाणीवही नसते. दुसरा निष्कर्ष २००० मधील प्राण्यांवरील प्रयोगांचा. बळकट झालेली आठवण पुन्हा जागी केली की ती काही काळ लवचीक होते आणि नव्याने घट्ट व्हावी लागते, असे नेडर व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. आठवणे ही क्रिया म्हणजे एका अर्थी पुन्हा लिहिणे होय. जी आठवण वारंवार सांगितली जाते ती सर्वांत टिकाऊ, आणि बदलण्याची संधीही तिलाच सर्वांत जास्त मिळते, ही विसंगती पुढील विवेचनात सतत भेटत राहील.

शिवथरघळ : पाठांतराची रचना

महाड तालुक्यातील शिवथरघळ येथे समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये या घळीची निश्चिती केली. स्थाननिश्चितीबद्दल काही अभ्यासकांचे वेगळे मत असले तरी येथे प्रश्न जागेपेक्षा रचनेचा आहे. एक जण सांगतो आणि दुसरा लिहितो, हे चित्र मौखिक व लेखी परंपरांच्या सांध्यावरचे आहे. विशेष म्हणजे दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेचे निरूपण करतो. शाई, बोरू, अक्षराची ठेवण यांची इतकी बारकाईने दखल घेणारा ग्रंथ ऐकून पाठ व्हावा अशा छंदात रचलेला आहे.

दासबोधात वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास, आणि ओव्या साडेसात हजारांहून अधिक आहेत. एवढा मजकूर सलग लक्षात राहणे अवघड. मात्र मानवी मेंदू एका वेळी अगदी थोडे घटक हाताळू शकतो. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ही संख्या सातच्या आसपास मानली, तर पुढील संशोधकांनी ती चारपर्यंत खाली आणली. घटक लहान की मोठा याला मात्र बंधन नाही. एक ओवी हा घटक, एक समास हा त्याहून मोठा घटक, आणि समासाचे नाव ही त्याची मूठ. समर्थांना मेंदूविज्ञान ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण श्रोत्याची धारणाशक्ती त्यांना नक्कीच ठाऊक होती. मनाच्या श्लोकांचे भुजंगप्रयात वृत्तही याच दृष्टीने पाहावे. एखादा शब्द विसरला तर वृत्ताचा खड्डा तत्काळ जाणवतो आणि त्या मापाचा शब्दच तेथे बसू शकतो.

हीच व्यवस्था कोकणातील व देशावरील पंतोजींच्या शाळेत वेगळ्या रूपात दिसते. पाढे तर होतेच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीपर्यंत अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून तालात म्हणवून घेतले जात. सायंकाळच्या परवचेत ते पुन्हा येत. 'घोकंपट्टी' म्हणून या पद्धतीची पुढे यथेच्छ हेटाळणी झाली. अर्थ न कळता म्हणण्याचा दोष तिच्यात होता हे मान्यच आहे. परंतु परवचेत पाटी समोर नसे, हे टीकाकारांच्या सहसा लक्षात आले नाही. मुलाला पाढा पाहून वाचायचा नव्हता, तर आतून काढायचा होता. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात नेमका हाच फरक तपासला. उतारा पुनःपुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र, उतारा बाजूला ठेवून आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री मार्गदर्शक पुस्तिका चौथ्यांदा वाचणाऱ्या विद्यार्थ्याला 'झाले आहे' असे का वाटते आणि महिन्याभराने त्यातले काहीच का उरत नाही, याचे उत्तर या प्रयोगात आहे. ओळखीचे वाटणे आणि आठवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठीतील 'उजळणी' हा शब्द या बाबतीत फार अर्थपूर्ण आहे. भांडे उजळण्यासाठी ते घासावे लागते, नुसते पाहून चालत नाही.

उमरठ : पोवाड्याची स्मृती

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. येथे त्यांची समाधी आहे. कोंढाण्याची लढाई ४ फेब्रुवारी १६७० रोजी, माघ वद्य नवमीच्या रात्री झाली. या लढाईची जी प्रतिमा आज मराठी मनात आहे ती मुख्यतः तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने घडवली. एच. ए. ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तोपर्यंत असे पोवाडे प्रामुख्याने गोंधळी व शाहीर यांच्या मुखात होते. म्हणजे प्रसंग आणि छापील पाठ यांच्यामध्ये सुमारे सव्वादोनशे वर्षांचे अंतर आहे. पोवाडा समकालीन की उत्तरकालीन याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

पोवाड्याशी ताडून पाहण्यासाठी कृष्णाजी अनंत सभासदाची बखर उपलब्ध आहे. ती १६९७ च्या सुमाराची, जिंजी येथे लिहिलेली. तिच्यात तानाजी पाचशे माणूस घेऊन गडाखाली येतात आणि निवडक दोन मावळे वानरासारखे कडा चढून जातात. घोरपड तेथे नाही. पोवाड्यात यशवंती नावाची घोरपड आहे, चंद्रावळी हत्ती आहे, उदेभानाचा राक्षसी आहार आहे, फौज हजारांनी मोजली जाते, आणि प्रतापगडावरून जिजाबाईंना कोंढाणा दिसतो. रायबाच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन निघालेला बाप मोहिमेवर जातो, हे त्यातील सर्वांत हृद्य सूत्रही पोवाड्यानेच लोकांपर्यंत नेले. गडाला सिंहगड हे नाव तानाजींच्या मृत्यूनंतर मिळाले, हा समज तर पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचला. प्रत्यक्षात लढाईच्या सात वर्षे आधीच्या, १६६३ च्या पत्रात 'सिंहगड' हे नाव आलेले आहे.

या फरकांना केवळ 'शाहिराची अतिशयोक्ती' म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण त्याने काहीच उलगडत नाही. बार्टलेट यांच्या प्रयोगातील श्रोत्यांनी जे केले तेच येथे शतकांच्या मापाने घडलेले दिसते. दोन माणसे अंधारात कडा चढली हा तपशील अवघड आहे, 'कशी चढली?' हा प्रश्न त्यात मोकळा राहतो. घोरपडीने ती जागा भरली, आणि एकदा भरल्यावर ती सुटणे शक्य नव्हते, कारण चित्ररूप व अनपेक्षित गोष्ट स्मृतीत सर्वांत पक्की बसते. नावाचेही तसेच. 'सिंहगड' या नावाला कारण हवे होते आणि सिंहासारखा वीर तेथे पडला होता. स्मृतीने कार्यकारणभाव जोडला, फक्त क्रम उलटा लागला.

शाहिराला लबाड ठरवण्याचेही कारण नाही. मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लाव्हियातील वीरगीते गाणाऱ्यांचा अभ्यास केला. लॉर्ड यांचा ग्रंथ १९६० मध्ये आला. तेथील गायक आपण शब्दशः तेच गातो असे प्रामाणिकपणे सांगत, परंतु ध्वनिमुद्रणांत प्रत्येक वेळचा पाठ वेगळा निघे. ते पाठ केलेले म्हणत नसत. ठरलेली विशेषणे, साचेबंद ओळी आणि कथेचा सांगाडा यांच्या आधारे ते दर वेळी नव्याने रचत. पोवाड्यातही अशी सामग्री विपुल आहे. डफ व तुणतुण्याच्या साथीने झीलकरी धृपद उचलतात तेवढ्या अवकाशात शाहीर पुढचा चौक मनात जुळवतो. वेदपाठाची गोष्ट याच्या अगदी उलट. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांत तेच शब्द उलटसुलट क्रमाने म्हटले जातात आणि चूक झाली तर ती ताबडतोब उघडी पडते. एका परंपरेने शब्द जपले, दुसरीने प्रसंग जपला. दोहोंना एकच 'मौखिक परंपरा' हे लेबल लावण्याची सवय अभ्यासकांनी सोडलेली बरी.

पोवाड्याच्या टिकाऊपणाचे आणखी एक कारण म्हणजे भूगोल. यादी लक्षात ठेवण्यासाठी तिच्यातील एकेक बाब ओळखीच्या वाटेवरील एकेका जागी मनाने ठेवावी, ही युक्ती प्राचीन ग्रीक–रोमन वक्त्यांना माहीत होती. जागा आणि आठवण यांचा संबंध मेंदूतही निकटचा आहे. लंडनमधील टॅक्सीचालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचे मॅग्वायर यांना २००० मध्ये आढळले. पोवाड्याची कथा उमरठ, राजगड, कोंढाणा अशी वाटेने चालते. तानाजींचा देह ज्या वाटेने उमरठला आणला ती वाट म्हणजे मढे घाट, असे परिसरात सांगितले जाते. या व्युत्पत्तीचा कागदी पुरावा मागणे रास्त आहे. पण घाट उतरणाऱ्या प्रत्येकाला ते नाव कथा आठवून देते, हे तिचे काम पुराव्यावाचूनही चालू राहते. उमरठला दर वर्षी होणारे पुण्यतिथीचे स्मरण ही तर अंतर ठेवून केलेली उजळणीच होय.

पोलादपूर : ग्रंथ जो विसरला गेला

येथून काही मैलांवर, पोलादपुरात, कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवकाळातच रचलेले त्यांचे संस्कृत शिवभारत हे शिवचरित्राचे अव्वल साधन मानले जाते. हा ग्रंथ लिहिलेला होता, समकालीन होता, आणि तरीही महाराष्ट्राच्या स्मरणातून जवळजवळ नाहीसा झाला. तंजावरच्या हस्तलिखितावरून स. म. दिवेकर यांनी तो १९२७ मध्ये प्रकाशात आणला, तोही बत्तिसाव्या अध्यायात तुटलेला. लेखनाने शब्द टिकले, परंतु म्हणणारे तोंड नसल्याने ते कोणाला आठवले नाहीत. ज्या काळात पोवाडा गावोगाव गायला जात होता त्या काळात शिवभारत तंजावरच्या ग्रंथसंग्रहात पडून होते.

महाड : आठवणीचा पुरावा

योगायोगाने त्याच वर्षी, १९२७ मध्ये, महाडात स्मृतीचा प्रश्न अत्यंत धारदार रूपात उभा राहिला. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला होता. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, आणि ४ ऑगस्ट रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. १२ डिसेंबर १९२७ रोजी नरहरी दामोदर वैद्य व इतर सवर्ण वादींनी दावा दाखल केला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला, आणि म्हणूनच २५ डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले तरी तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम स्थगित ठेवावा लागला.

'अनादि काळ' हा शब्द येथे काव्यात्म नाही, कायदेशीर आहे. इंग्लंडच्या कायद्याने माणसाच्या स्मरणापलीकडच्या काळाची सीमा चक्क ११८९ या वर्षावर ठरवली होती. त्या वर्षापासूनची साक्ष कोणी देऊ शकत नाही हे उघड असल्याने जिवंत माणसांच्या आठवणीतील वहिवाटीवरून मागचा काळ गृहीत धरण्याची प्रथा पडली. महाडच्या दाव्याचा कणा हाच होता : जुन्या लोकांना जे आठवते ते सदैव तसेच होते, असे मानायचे का?

स्मृतिविज्ञानाच्या प्रकाशात या प्रश्नाकडे पाहिले तर त्याची अडचण लक्षात येते. १९३० च्या सुमारास पंचाहत्तर वर्षांचा साक्षीदार उभा राहिला, तर त्याची स्वतःची जाणती आठवण १८६० च्या दशकामागे जात नाही. आजोबांकडून ऐकलेले धरले तरी पेशवाईच्या अखेरीपाशी हा धागा संपतो, आणि ऐकलेल्या गोष्टीचे काय होते हे उमरठच्या उदाहरणात आलेच आहे. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. साक्षीदाराला काय आठवायचे होते? अमुक लोक तळ्यावर आले नाहीत, हे. न घडलेल्या गोष्टीची आठवण मेंदूत प्रसंगरूपाने उमटतच नाही. 'असे कधीच नव्हते' हे विधान करताना माणूस आठवत नसतो, तो आपल्या सामाजिक साच्यावरून अनुमान करीत असतो. शिवाय आले नाहीत ते नियमामुळे, भीतीमुळे, की गरज पडली नाही म्हणून, हे त्या रिकाम्या जागेवरून सांगता येत नाही. ज्या समाजाला येऊ दिले गेले नाही त्याची आठवण या वहिवाटीच्या कल्पनेत कोठेच मोजली जात नव्हती, हे वेगळेच.

महाडच्या दिवाणी न्यायालयाने ८ जून १९३१ रोजी दावा फेटाळला. ठाण्याच्या न्यायालयाने ३० जानेवारी १९३३ रोजी अपील नामंजूर केले. १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांच्या खंडपीठाने मुंबई उच्च न्यायालयात अंतिम निर्णय दिला. वहिवाट अनादिकालीन असल्याचे वादींना सिद्ध करता आलेले नाही, हा त्याचा गाभा होता. अस्पृश्यता अन्याय्य आहे, असे म्हणून हा निकाल लागला नाही, ही त्याची मर्यादा अनेकांना खटकते व ते योग्यच आहे. तथापि सवर्णांच्या सामूहिक स्मृतीने स्वतःला दिलेले 'सदैव' हे विशेषण न्यायालयाने पुराव्याअभावी नाकारले, ही गोष्ट इतिहासपद्धतीच्या दृष्टीने लहान नाही.

मारिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये असे मांडले होते की माणूस एकट्याने आठवत नाही. कुटुंब, धर्म, वर्ग अशा गटांच्या चौकटीत आठवतो. महाडच्या तळ्याभोवती दोन गटांच्या दोन चौकटी होत्या. दुसऱ्या चौकटीतील आठवण प्रारंभी कागदाबाहेरच राहिली. मार्चच्या परिषदेसाठी झटलेले दासगावचे रा. बा. मोरे यांनी आपले आत्मकथन उत्तरायुष्यात लिहावयास घेतले व ते अपुरेच राहिले. १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले. दरम्यान आठवण जिवंत ठेवली ती आंबेडकरी जलशांनी, गीतांनी आणि दर २० मार्चला क्रांतिस्तंभापाशी व तळ्यापाशी जमणाऱ्या लोकांनी. १९२७ ची ती दुपार आठवणारा माणूस आज हयात असणे जवळजवळ अशक्य आहे. जे उरले आहे ते सारे पुन्हा सांगितलेले आहे, आणि त्याला पोवाड्याचेच नियम लागू होतात. मार्चचे पाणी आणि डिसेंबरचे दहन लोकांच्या सांगण्यात अनेकदा एकाच सत्याग्रहाचे दोन क्षण होऊन येतात. दहा वर्षे चाललेला दावा, त्यातील साक्षी, मनाई हुकूम व अपिले ही चित्ररूप नसल्याने गळून पडतात. उच्च न्यायालयाच्या निकालाची १७ मार्च ही तारीख मेळाव्याच्या अवघे तीन दिवस आधी येते. तिच्या वाट्याला मात्र २० मार्चसारखी गर्दी आलेली नाही.